भरल्या गोणीची चाल

दारव्ह्याहून यवतमाळला जाताना जीपमध्ये एक वयस्क बंजारा गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. डोक्याला लाल फेटा, मांडीवर कापडात गुंडाळलेला नगारा. मी मोबाईलवर आमच्या पुण्याच्या जॅझ बँडच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. अठरा वादक आणि रचना माझी, फ्यूजन. ठेका शफलचा, म्हणजे एक ठोका लांब, एक आखूड. सगळे बिनचूक वाजवत होते, तरी त्यात जीव नव्हता. मी गुडघ्यावर पुन्हापुन्हा ठेका धरून पाहत होतो.

“काय ठोकून राह्यले भाऊ?”

मी इयरफोनचं एक टोक त्यांना दिलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“बरोबर हाय. म्हणूनच चालून नाई राह्यलं.”

मला रागच आला. त्यांनी कापडावरूनच नगाऱ्यावर दोन बोटं चालवली. ठेका माझाच होता, पण लांब ठोका जरा रेंगाळे आणि आखूड त्याच्यामागे धावत येई.

“माहा आजा बैलाच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव जाये. भरल्या गोणीचा बैल पाय टेकवते दमानं, उचलते झटक्यानं. तुमचे बैल रिकामे हायेत.”

तांड्याच्या फाट्यावर ते उतरले, नगारा पोटाशी धरून.

पुढच्या तालमीत मी सगळ्यांना म्हणालो, “पाठीवर मिठाची गोणी आहे असं समजून वाजवा.” आधी हसले. मग वाजवलं, आणि या वेळी ठेका चालला.

कार्यक्रमपत्रिकेवर रचनाकार म्हणून माझं एकट्याचं नाव छापलं आहे. दुसरं नाव मी जीपमध्ये विचारलंच नव्हतं.