मी त्यांच्यातली नाही

“इथे नका बसू, मावशी. तुम्हा लोकांसाठी मागे जागा केलेली आहे.”

मुलांनो, असं तुमच्या इमारतीच्या समितीतली एक बाई मला म्हणाली. मुंबईत, तुमच्याच इमारतीच्या लॉबीत, सकाळी अकराच्या सुमारास. आवाज चढलेला नव्हता. मराठी अगदी स्वच्छ. चेहऱ्यावर हसू होतं. वर्गात चुकीच्या बाकावर बसलेल्या मुलीला शिक्षिकेनं उठवावं, तशी ती मला उठवत होती.

मी सोफ्यावर बसले होते. शेजारी सुशीला. तुमच्याकडे भांडी-फरशीला येते ती. तिला मीच बसवलं होतं, हाताला धरून.

त्याआधी दोन महिने ती घरात यायची, जायची. तुमच्या आईशी मोडकं हिंदी बोलायची, माझ्याशी काहीच नाही. त्या दिवशी मी खाली वर्तमानपत्र वाचत होते. ती फोनवर बोलत आत आली: “आगं, मी कामाला जायले, मागून बोलते.” जायले! हे तर आपल्याकडचं बोलणं. माझ्या हातातला पेपर खाली आला.

“कुठली गं तू?”

“बोरीची. जिंतूर तालुका. तुमी?”

“परभणी. माझी नणंद बोरीलाच दिलीय.”

“कुण्या घरात?”

झालं. मग गल्ली निघाली, विहीर निघाली, नणंदेच्या जावेच्या भावाचं सासर निघालं. आपल्याकडं असं माणूस भेटलं की उभ्यानं बोलत नाहीत. उभ्यानं बोलणं म्हणजे ‘निघ आता’ सांगणं. आधी बसवायचं, पाणी विचारायचं, मग नातं काढायचं. मी म्हणाले, “बस.”

“नको. बोलतेत इथं.”

“कोण बोलतंय? मी हाय ना.”

उभा जन्म शाळेत मुलींच्या ‘हाय’चं ‘आहे’ करण्यात गेला आणि मी ‘हाय’ म्हणाले. ती सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. दिरानं जमिनीत पाय ठेवू दिला नाही म्हणून इकडं आली, मुलगी इथं नर्सिंग शिकते, ती शिकेपर्यंत इथून हलायचं नाही, एवढं तिचं सांगून झालं होतं. तेवढ्यात ती बाई आली.

सुशीला तिच्या पहिल्या शब्दालाच उठली. मीही उठले. माझ्या आधी माझे पाय उठले. आणि उभी राहून मी त्या मराठी बाईला इंग्रजीत म्हणाले की मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका आहे, सतराव्या मजल्यावर माझ्या मुलाचं घर आहे, आणि, “आय ॲम नॉट वन ऑफ देम.”

मी त्यांच्यातली नाही.

वाक्य बिनचूक होतं. उच्चारही.

“अय्या, काकू! सॉरी हं. किती छान बोलता तुम्ही!” मावशीची मी एका वाक्यात काकू झाले. मग ती सुशीलाकडे वळली. आता हसू नव्हतं. “आणि तुला कळत नाही का गं? त्या नवीन आहेत. तू तर रोज येतेस ना?”

त्या बाईनं माझ्यासाठी पुढची लिफ्ट हातानं धरून ठेवली. मी आत गेले. सुशीला मागच्या बाजूला गेली. लिफ्टला तीन बाजूंनी आरसे. नजर ठेवायला कुठं जागा नव्हती.

मुलांनो, आजी का निघून गेली असं तुम्ही विचारलं, तेव्हा तुम्हाला सांगितलं गेलं की तिला तिथली हवा मानवली नाही. खोटं आहे. हवा चांगली होती. मला दमा नाही, गुडघे ठीक आहेत. मी कारण सांगितलं नाही, कारण ते सांगताना आधी माझीच लाज सांगावी लागते. ती आता सांगून झाली. पुढचं ऐका.

माझे वडील पूर्णेला एका व्यापाऱ्याच्या गोदामात हमाल होते. सणाला मालकाच्या घरी जायचं, तर ते मला न्यायचे. मालक बैठकीत. वडील दाराबाहेर, चपलांपाशी. मी त्यांच्या मांडीला लागून. आत मालकाचा मुलगा पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायचा आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. परतताना वडील म्हणाले, “ती बोली शिक. मग तुला कुणी चपलांपाशी बसवणार न्हाई.”

शिकले. झरीच्या शाळेत शेकडो मुलींना शिकवली. मला खरंच कुणी चपलांपाशी बसवलं नाही. पण वडिलांनी एवढंच सांगितलं होतं. त्या बोलीनं दुसऱ्याला चपलांपाशी बसवता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही सत्तरीपर्यंत माहीत नव्हतं.

तुमच्या बाबांना मी आल्या आल्या विचारलं होतं, एवढ्या महाग शहरात कशाला राहता? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. नोकरी. तुमची शाळा. समुद्राचा वारा. आणि ऊन. दलालानं पश्चिमेच्या उन्हाची वेगळी किंमत लावली होती म्हणे. मला हसू आलं. परभणीत उन्हापासून पळायला लोक पैसे मोजतात. मग ते म्हणाले, “आणि आई, इथं कुणी कुणाला गाव विचारत नाही. आडनाव विचारत नाही. मोकळं वाटतं.”

हे मला पटलं होतं. खरंच पटलं होतं. बाराव्या मजल्यावरचं एक म्हातारं जोडपं खर्च झेपेना म्हणून घर विकून नाशिकला गेलं, तेव्हा मला त्यांची कीव आली होती. वाटलं, आपला मुलगा टिकलाय.

दुसऱ्या दिवशी सुशीला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुमच्या आईला विचारलं. ती सिंकपाशी उभी होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिची एन्ट्री बंद केलीय, आई. ग्रुपवर फोटोही टाकलाय.”

फोटो मी मागून घेतला. लॉबीतल्या कॅमेऱ्यातला. सोफ्यावर सुशीला. खाली इंग्रजीत सूचना: पुढची लिफ्ट आणि बैठक रहिवासी व त्यांच्या पाहुण्यांसाठी आहे, कामाला येणाऱ्यांनी मागची वापरावी, नियम मोडणाऱ्यांचा प्रवेश बंद केला जाईल. फोटोत मी नव्हते. मला कापलं होतं. माझा एक गुडघा तेवढा राहिला होता.

संध्याकाळी तुमचे बाबा आले. इमारतीच्या समितीत सात जण आहेत, त्यातले ते एक.

“तिला मी बसवलं,” मी म्हणाले.

“माहितीये.”

“मग सांग की त्यांना.”

“सांगून काय होणार, आई? उगाच तुझं नाव येईल.”

“येऊ दे ना. माझंच काम आहे ते.”

“तू समजून घे. इथं राहायचं तर सगळ्यांशी धरून राहावं लागतं. आणि अगदीच बंद नाही केलंय. माफीनामा दिला की सोडतील.”

माफीनामा. मी वर्गातसुद्धा हा शब्द कधी वापरला नाही. पाच जणींना अंगठे धरायला लावले असतील, त्याची आजही खंत आहे, पण लिहून कधी घेतलं नाही.

पुढच्या सकाळी ती बाई घरी आली. सोबत मिठाईचा डबा. समितीचे कागद इंग्रजीत असतात, माफीही इंग्रजीत हवी, आणि सुशीलाला ते कसं जमणार? “काकू, तुमचं इंग्रजी इतकं सुंदर आहे. तुम्हीच लिहून द्या ना तिला. बिचारीचं कामही होईल.”

ती चांगुलपणानं सांगत होती. तिला खरंच वाटत होतं की ती सुशीलावर उपकार करतेय आणि मलाही त्यात वाटा देतेय. तुमची आई चहा टाकायला आत गेली. मी डबा उघडला नाही. एवढंच जमलं मला तेव्हा.

खाली गेले. सुशीला गेटबाहेर उभी होती, पहारेकऱ्याच्या चौकीच्या सावलीला. तीन दिवस रोज येऊन उभी राहत होती म्हणे. चार घरं होती तिची त्या इमारतीत.

“लिवून द्या बाई,” ती म्हणाली. मी शिक्षिका आहे हे तिला कळलं होतं. “सही मी करते. तेवढी येती मला.”

“चूक माझी होती, सुशीला. तुझ्या नावानं मी माफी लिहिणार नाही.”

“मंग कुणाच्या नावानं लिवताव?”

“माझ्या.”

ती हसली. खरंच हसली, तोंडावर पदर घेऊन. “तुमच्या माफीनं माझं गेट उघडतंय व्हय?”

मग तिनं विचारलं, “त्या दिशी तुमी इंग्रजीत काय म्हणलाव त्या बाईला?”

टाळता आलं असतं. आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी वाक्यांचं मराठी करून सांगितलं. हे एक वाक्य मात्र माझंच होतं. पण सांगितलं. मी त्यांच्यातली नाही, असं म्हणाले.

तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “खरंच हाय की. तुमी कुठं आमच्यातल्या.”

मी वर जाऊन लिहिलं. माझ्या नावानं, एक पान. सुशीलाला सोफ्यावर मी बसवलं. ती नको म्हणत होती. त्यानंतर मी तिला नाकारलं, तो गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा आहे. शिक्षा करायची तर माझा प्रवेश बंद करा. सही, तारीख. समितीला दिलं. दुपारी त्या बाईचा फोन. “अहो काकू, रहिवाशांच्या आईकडून आम्ही माफी कशी घेणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

बघा मुलांनो. जिची चूक, तिच्याकडून ते माफी घेईनात. जिची चूक नाही, तिला माफीवाचून सोडीनात.

सुशीला थांबली नाही. तिला थांबणं परवडणारं नव्हतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिनं लिहून घेतलं, खाली सही केली. बसल्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा बसणार नाही. सहाव्या दिवशी ती कामाला आली. भांडी घासली, फरशी पुसली, माझ्या खोलीतली जरा जास्तच घासून पुसली. माझ्याशी बोलली नाही.

निघाली तेव्हा मी तिच्या मागोमाग गेले. मागच्या लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभी राहिले. आत कचऱ्याचे दोन डबे. मला वाटलं, मी काहीतरी करतेय.

“बाई, उतरा,” ती हळूच म्हणाली. “कॅमेरा हाय. परत बंद व्हईल माझं.”

मी उतरले. दार लागलं. म्हणजे माझं हे प्रायश्चित्तही तिच्याच जिवावर.

मग बोलायला एकच जागा उरली होती. त्या रविवारी समितीची बैठक होती. सकाळी मी तुमच्या बाबांना म्हणाले, “आज तू बोल. हा नियम काढा, एवढंच म्हण. सहा जण नाही म्हणतील, म्हणू देत. तुझा एक हात वर जाऊ दे.” ते शर्टाची बटणं लावत होते. बटणं लावून खाली गेले.

परत आले तेव्हा मी दारातच होते.

“विषयच निघाला नाही, आई.”

“तू काढायचा होतास.”

“तुला काय जातंय? तू परभणीला निघून जाशील. राहायचं आम्हाला आहे.”

हमालाचा नातू आहे तो. चपलांपाशी बसण्याची गोष्ट त्याला मी लहानपणी कितीदा सांगितली होती. तेव्हा तो रडायचा. मी मुठी आवळलेल्या पाहिल्या आहेत त्याच्या. आता तो आतल्या बाजूला बसलाय आणि त्याला बाहेरचं दिसत नाही. इथं कुणी गाव विचारत नाही म्हणतो. विचारायची गरजच उरली नाही. कुठली लिफ्ट, एवढं पाहिलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीचं तिकीट काढायला लावलं.

तुमच्या बाबांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, आणि परभणीला आल्यापासून ते मला रोज टोचतं. मला निघता आलं, कारण जिंतूर रोडला माझं घर आहे, पेन्शन आहे. सुशीलाला निघता येत नाही. मुलीचं शिक्षण आहे, दीर आहे. माझ्या निघण्यात काही शौर्य नव्हतं. नुसतं निघून आले असते, तर मी आणखी एकदा तेच म्हणाले असते, की मी त्यांच्यातली नाही.

म्हणून ठरवलंय, ते लिहून ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्या समितीला रजिस्टर पत्र पाठवते. इंग्रजीत. नियम काढा. सुशीलाचं नाव त्यात कुठं येऊ देत नाही, फक्त माझं. उत्तर येत नाही. हात चालतो तोवर पाठवीन. आणि तो नियम आहे तोवर तुमच्या घरी पाऊल ठेवणार नाही. लग्नाला नाही, दुखण्याखुपण्याला नाही. इकडं तुम्ही कधीही या.

दर रविवारी तुमचे बाबा फोन करतात. तब्येत कशी, जेवलीस का. मी आधी विचारते, “नियम गेला का?” ते नाही म्हणतात. मी फोन ठेवते. गेले तीन महिने दर रविवारी ठेवला. येत्या रविवारी फोन तुम्ही लावलात, तरी मी आधी हेच विचारीन. उत्तर तेच असेल, तर तुमचाही ठेवीन.