मानेचा सांधा

दाराला कुलूप लावलं की सयाजी ते तीनदा ओढून बघायचा, तिसऱ्यांदा डोळे मिटून. नवा कप घेताना दुकानातच तो कानाशी धरायचा आणि नखानं वाजवायचा. बसमध्ये चढण्याआधी टायरांवर नजर टाकायचा. नव्या चपलेच्या तळाला तारीख लिहायचा. गॅस बंद केल्यावर बटणाकडे बघत उलट्या पावलांनी स्वयंपाकघरातून बाहेर यायचा. घाबरला की अंगठ्याचं नख तर्जनीवर घासायचा. ते बोट त्या जागी कायमचं खरखरीत झालं होतं.

अशा माणसानं शर्यतीची मोटरसायकल बांधायला घेतली, तेव्हा मल्लेश्वरममधल्या त्याच्या गल्लीला हसू आवरेना.

सयाजी घोरपडे तेव्हा एकतीस वर्षांचा होता. एका सरकारी कारखान्यात तो वेल्डिंग तपासायचा. जोडावर एक पातळ लाल रंग लावायचा, जरा थांबायचं, मग तो स्वच्छ पुसायचा. वर पांढरी पूड फवारायची. जोडात केसाएवढी चीर असली तर आत शिरलेला रंग पूड वर ओढून घेते, आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दहा मिनिटं पुरतात. रेघ दिसली की सयाजी तो भाग बाद करायचा. मग वेल्डर शपथा घेवोत, की साहेब दटावोत. वेल्डर त्याला यमधर्म म्हणायचे.

कारखान्याचा एक नियम होता. ज्यानं जोड केला, त्यानं तो तपासायचा नाही.

मोटरसायकलचं वेड यशोवर्धनमुळे लागलं. यशो समोरच्या घरातला, आठ वर्षांनी लहान. साहित्यात बी. ए. झालेला आणि नोकरी शोधणारा. अॅव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांतून त्यानं एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात एक फोटो होता. लांबट टाकी, खाली वाकलेलं हँडल, एकाच माणसापुरती सीट. इंग्लंडातली पोरं कॉफीच्या दुकानांपासून अशा गाड्यांच्या शर्यती लावायची, म्हणून कॅफे रेसर.

सयाजीनं तो फोटो महिनाभर खिशात ठेवला. मग म्हणाला, "दुसऱ्यानं केलेल्या गाडीची मला भीती वाटते. आत काय आहे ते ठाऊक नसतं. ही आपण करू. हिचं सगळं ठाऊक असेल."

"आपण म्हणजे?"

"मी करीन. तू पाना धर. बी. ए. माणसाला तेवढं जमेल."

त्यानं भंगारातून एक जुनी येझडी आणली. कधीतरी ती समोरून कशाला तरी धडकली होती. हँडल जिथं बसतं, ती चासीची मान वाकली होती. सयाजीनं मानेमागची नळी कापली. तिथं नवी नळी जोडायची होती. कारखान्यातला म्हातारा वेल्डर देवाप्पा त्याला चार रविवार शिकवायला आला. मग सयाजीनं वेल्डिंगची मशीन भाड्यानं आणली आणि मागच्या अंगणात स्वतःच्या हातानं तो जोड केला.

देवाप्पानं सोमवारी विचारलं, "तपासलास?"

"मी कसा तपासू? नियम आहे."

"घरच्या गाडीला कसला रे नियम? सरी, बरं, मी येतो. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी देवाप्पाकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी सयाजीनंच निरोप पाठवला, आज नको. तिसऱ्या रविवारी त्यानं चासीला काळा रंग दिला. रंग सुकल्यावर जोड कुठं आहे ते हातालाही लागेना. त्याला जरा बरं वाटलं.

शहाण्णव साली आयुधपूजेपर्यंत, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत, गाडी तयार झाली. पुढचा दिवा तेवढा यायचा होता. पूजेच्या सकाळी अकराला अर्धी गल्ली सयाजीच्या फाटकाशी जमली. आई, चंद्राबाई, तबक घेऊन आली आणि गाडीसमोर अडली.

"हिचं कपाळ कुठंय रे?"

"दिवा अजून लावला नाही, आई."

"मग कुंकू कुठं लावू? तुझ्या टाळक्याला?"

लोक हसले. चंद्राबाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि तेलात कालवलेलं कुंकू हँडलच्या मागं, मानेवर लावलं. दिव्याच्या खालोखाल तेच कपाळ. हात सढळ होता. कुंकू ओघळून टाकीकडे निघालं. नव्या रंगाला डाग पडेल म्हणून सयाजी फडकं घेऊन धावला आणि ते स्वच्छ पुसलं.

"पूजेचं कुंकू पुसतोस? अक्कल कुठं ठेवून आलास?" चंद्राबाई खवळल्या. त्यांनी ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली आणि त्याच जागी तीन पट्टे ओढले. "आता हात लावशील तर बघ."

मग हार घातला. आरती झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. कोहळा उतरवून रस्त्यावर फोडला. विभूती वाळून पांढरीशुभ्र झाली.

"चला, पहिली फेरी," यशो म्हणाला. "बस, अण्णा."

सयाजीनं किल्ली हातात घेतली. पाय टाकायला गेला आणि थांबला. सगळे बघत होते. "तू ने," तो म्हणाला. "मला बाहेरून आवाज ऐकायचा आहे."

"यमधर्म पायीच जाणार!" कुणीतरी ओरडलं.

यशो टांग टाकून बसला. इंजिन पहिल्याच किकला पेटलं. हार नीट करायला सयाजी पुढं वाकला, आणि त्याला रेघ दिसली.

मधल्या पट्ट्यात. लाल, केसाएवढी, मानेभोवती अर्धी फिरलेली.

रंगावरचा ओरखडा असेल, त्याच्या मनात आलं. पुसताना राहिलं असेल. कुंकू म्हणजे काही तपासणीचं औषध नव्हे. वेल्डर रोज त्याला हेच सांगायचे, आणि तो कुणाचंही एक अक्षर ऐकून घ्यायचा नाही.

"स्वल्प थांब," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं. लिंबं चिरडली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळली.

यशो दहा मिनिटांत येणार होता. स्टेशनपर्यंत जाऊन परत.

वीस मिनिटं झाली. चंद्राबाईंनी पानं वाढायला घेतली. "तोंड का असं पडलंय? गाडी नाही खात तो."

सयाजी कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं रघुपती आपल्या रिक्षाला केळीचे खांब बांधत होता.

"यशो दिसला?"

"दिसला म्हणजे? ऐकू आला! हेब्बाळच्या अंगानं गेला. ती गाडी आहे का विमान, अण्णा?"

"चल."

"आज? पूजा केलेली गाडी, अजून लिंबू पण..."

"रघुपती, चल."

केळीचे खांब हलवत रिक्षा निघाली. रस्ताभर फुटलेले कोहळे पडले होते. पांढरा गर, वर कुंकू. रघुपती एकेक चुकवत होता. सयाजी लोखंडी दांडा धरून बसला होता. त्याला नळी दिसत होती. खड्ड्यात चाक आदळतं. चीर अर्ध्या वेढ्याची पाऊण होते. पुढचा खड्डा. मग हँडल हातात राहतं आणि गाडी मागं. खाली वाकलेलं हँडल. त्यावर छाती टेकवून बसलेला माणूस आधी तोंडावर पडतो.

मेखरी सर्कलच्या पुढं गर्दी होती. लोक गोल करून उभे होते. मध्ये काहीतरी आडवं पडलेलं. झेंडूची फुलं रस्ताभर.

रघुपतीनं रिक्षा थांबवली. सयाजी उतरला नाही. त्याला उतरता येईना.

"मी बघून येतो," रघुपती म्हणाला. आता त्याचाही आवाज उतरला होता.

तो गर्दीत शिरला. सयाजीनं डोळे मिटले. आपण यशोच्या आईला काय सांगणार, याची वाक्यं तो जुळवू लागला. प्रत्येक वाक्यात 'मला दिसलं होतं' येत होतं. ते काढलं की वाक्य उभंच राहत नव्हतं.

"स्कूटर आहे," रघुपती परत येऊन म्हणाला. "कोहळ्यावरून घसरली. कोपर फुटलंय नुसतं. आपला पोरगा नाही."

हेब्बाळपर्यंत ते गेले. यशो नव्हता. परत फिरले.

यशो सयाजीच्याच पायरीवर बसून पुरणाची होळगी खात होता. गाडी फाटकाला लावलेली. त्याचे केस उभे राहिले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता.

"अण्णा! हेब्बाळच्या पुढं येलहंक्यापर्यंत गेलो, दुसऱ्या रस्त्यानं आलो! एकशेदहा! एकशेदहाला दगडासारखी स्थिर. कुठं होतास तू?"

सयाजी गाडीपाशी गेला. वाऱ्यानं विभूती उडून गेली होती. हाराचा दोरा तेवढा उरला होता. मान काळी, गुळगुळीत, चकचकीत. तिथं काहीच नव्हतं.

तो रस्त्यातच खाली बसला. यशोला वाटलं, ऊन लागलं.

जेवण झाल्यावर सयाजी गाडी मागच्या अंगणात घेऊन गेला. टाकी काढली. हॅकसॉ आणली आणि गुडघ्यांवर बसून मानेमागच्या नळीवर पातं टेकवलं. खालच्या बाजूनं. यशो धावत आला.

"अण्णा, हे काय करतोस?"

"जोडाच्या शेजारी कापतोय. नळी सुटली की आतून दिसेल."

"काय दिसेल? आठ महिने लागले याला!" यशोनं करवत धरली. "काही शंका असली तर रंग खरवड आणि तुझं ते लाल औषध लाव की."

"लाल नको."

"मग देवाप्पाला बोलाव."

"देवाप्पाला काय सांगू? मला दिसलं होतं म्हणून?"

"काय दिसलं होतं?"

सयाजी अंगठ्याचं नख तर्जनीवर घासू लागला.

"कधी दिसलं होतं, अण्णा?"

करवतीवरचा यशोचा हात सुटला. सकाळी हार नीट करायला वाकलेला सयाजी त्याला आठवला. उघडलेलं तोंड आठवलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, अण्णा आशीर्वाद देतोय.

तो मागं सरकून भिंतीशी उभा राहिला. घराकडे गेला नाही.

सयाजी कापत राहिला. लोखंडाचा बारीक भुगा त्याच्या मांडीवर पडत होता. नळीची खालची बाजू सुटली. मग दोन्ही अंगं. वरची बाजू तेवढी राहिली, जिथं चंद्राबाईंची तीन बोटं फिरली होती. तिथं आल्यावर त्याचा हात मंद झाला. आणखी चार वेळा पातं पुढंमागं झालं. पाचव्यांदा झालं नाही.

"अण्णा?" यशो म्हणाला. "कापून टाक आता. काय ते कळू दे."

"उद्या."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. त्यानंतर सुट्टी संपली. कारखान्यात सयाजी पूर्वीसारखाच भाग बाद करत राहिला, जरा जास्तच. देवाप्पानं गाडी कशी आहे विचारलं, तेव्हा तो म्हणाला, थोडं काम बाकी आहे.

गाडीवर त्यानं गोणपाट टाकलं. ते वाऱ्यानं सरकलं की यशोला आपल्या गच्चीवरून दिसायचं. करवत नळीतच अडकवलेली होती, आणि करंगळीएवढं लोखंड कापायचं राहिलं होतं.