आईनं मागून हाक मारली तेव्हा

कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारतो... किती वाजले होते? उजेड होता का? बरेच किस्से तिथंच संपतात. म्हणून माझाही नीट सांगतो.

जठारपेठेत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. जानेवारीतला रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. मुलगी रेवा फिनलंडला शिकते. तिचा व्हिडिओ कॉल आला. समोर गोठलेलं तळं, हातात ओटच्या दाण्यांची पिशवी. मधोमध थोडं पाणी उघडं राहिलेलं, त्यात अकरा रानबदकं.

"बाबा, जवळ येतच नाहीत. मीच जाते."

"बर्फ किती जाड आहे?"

"लोक चालतात हो!"

बायकोनं मिक्सर लावला म्हणून मी माझा माइक म्यूट केला. रेवा पुढचं दृश्य दाखवत चालली होती. मी तिची पावलं मोजत होतो... एकोणीस, वीस... आणि लोकांच्या पावलांच्या खुणा संपल्या. तेवढ्यात मागच्या गॅलरीतून आई ओरडली —

"रेवा! मांगं फिर!"

आई ब्याऐंशीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि निघालेल्या माणसाला ती मागून हाक मारतच नाही. डबा विसरला तर जिन्यापर्यंत धावेल, पण हाक नाही.

रेवा थबकली. वळली. मग कडकड आवाज झाला... पुढचं पाऊल पडणार होतं तिथं काळं पाणी!

"आडवी हो! सरपटत ये!" मी ओरडत होतो. ती सरपटतच काठावर आली, पण माझं तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. म्यूटची लाल खूण तशीच होती. ती काढली तेव्हा रेवा रडत होती.

"बाबा, आजीनं हाक मारली म्हणून वळले. ती कधी मारत नाही ना..."

मी गॅलरीत गेलो. "आई, कायले वरडली तू?"

"मी? मी तं मेथी निवडून रायली."

बायकोनंही हाक ऐकली होती. पुढचे चार दिवस मी बायकोला खाली उभं करून, तिच्या फोनवर कॉल लावून, माझा माइक म्यूट ठेवून ओरडून पाहिलं. एकदाही आवाज गेला नाही. "शेजारी येडे म्हनतीन तुमाले," ती म्हणाली.

धसका घेईल म्हणून आईला आम्ही काहीच सांगितलं नाही... ना तळं, ना बर्फ. पाचव्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, "त्या बदकाईले दाने भेटले का मंग?"

हातातला घास मी ताटात ठेवला.