सांतान मास्तरांची कानातली मजा

बांद्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले सांतान मास्तर देवाला फारसे भीत नसत, बायकोला भीत. कार्मेलिनाबाईंनी बजावूनच ठेवलं होतं, "आता एकदा जरी आवाज अंगणात इलो, तर तो डबो माज्या भावाक, रोनीक दितलंय!"

डबा म्हणजे मास्तरांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्यावर त्यांचा जीव होता, पण मेल्याला हेडफोनची जागाच नव्हती. नवा घ्यायचा तर पेन्शन आडवी पडली असती. मग मास्तरांनी शक्कल लढवली. मागे टेपरेकॉर्डर जोडायची जागा रिकामीच होती. तिथे बॅटरीवर चालणारी एक स्वस्तातली डबी जोडली आणि कान गच्च बंद करणारा हेडफोन त्या डबीत खुपसला. कानातला आवाज डबीवरून कमीजास्त करायचा. पुढचं मोठं बटण फक्त बाहेर पडवीतल्या स्पीकरचं, ते कायम शून्यावर.

घर चिडीचूप झालं. मास्तर ट्रम्पेटच्या जुन्या रेकॉर्डी लावून, पाय पसरून मान डोलवू लागले. कार्मेलिनाबाई बांगड्यांचा भाव, शेजारच्या ग्लेनिशाचं मोडलेलं लग्न, सगळं सांगून दमल्या. समोरून हूं नाही की चूं नाही.

मे महिन्यात अंगणातल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन ठरली, संतांची नावं घेत गायची प्रार्थना. सगळी वाडी गुडघे टेकून गात होती. मास्तर गुडघेदुखीचं निमित्त सांगून आत, हेडफोन लावून. ऐन रंगात डबीची बॅटरी उतरली, आवाज बारीक झाला आणि जन्माच्या सवयीने हात मोठ्या बटणावर गेला. कानात काही वाढेना, म्हणून मास्तरांनी ते आणखी पिरगाळलं.

बाहेर हाहाकार. दर संताच्या नावामागून वाडीने विनवणी करायची, ती जागा ट्रम्पेटने घेतली. म्हातारे गुडघ्यांवरच डुलायला लागले.

कार्मेलिनाबाई तरातरा आत आल्या. मास्तर डोळे मिटून, कानातल्या बारीक आवाजावर ठेका धरून बसलेले. बाईंनी हेडफोन ओढून काढला, तेव्हा कुठे मास्तरांना आपले प्रताप ऐकू आले. मागोमाग डबा न्यायला रोनी हजर. मास्तरांनी डब्यावर हात ठेवला.

कार्मेलिनाबाईंनी बटण शून्यावर आणलं आणि हेडफोन भावाच्या हातात कोंबला.

"ह्यो घेवन जा. डबो हयच रवांदे."

"पण बाये, तूच तर..."

"डबो वाजायचो तेव्हा ह्ये माज्याशी भांडायचे तरी. ह्यो कानात घातल्यापासून घरात मी एकटीच आसंय."

मास्तर गप्प बसले. मग त्यांना कळलं, की बाईंची तक्रार नेमकी हीच आहे.

"ग्लेनिशाचा लगीन कित्याक मोडला गो?" त्यांनी विचारलं.