मुळगावात आलेलं पुस्तक

त्या पुस्तकाचं नाव मी घेणार नाही. लेखकाचंही नाही, त्याला फुकटची जाहिरात कशाला? म्हापशाच्या दुकानात त्याच्या कादंबऱ्या दारातच रचलेल्या असतात. कोर्टातली थरारक गोष्ट लिहावी तर त्यानेच, असं लोक म्हणतात. ही गोव्यात घडते म्हणून मी हौसेने उघडली आणि शिसारी येऊन मिटली.

दिली होती ती माझ्या धाकट्या बहिणीने. आम्ही दोघी सावंतवाडीकडच्या. मी लग्न होऊन पेडण्यात आले, ती डिचोली तालुक्यात मुळगावला. तिचा नवरा खाणीवरच्या ट्रकांचं काम बघायचा, तो गेल्या वर्षी वारला. मूलबाळ नाही. घर नवऱ्याचं आणि दिराचं, अजून वाटणी न झालेलं, आणि ती तिथेच राहते. गणपतीच्या चवथीनंतर तिला भेटायला गेले तेव्हा तिने हे पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं. "वाच गे ताई, रडाक येता," म्हणाली.

मला रडू नाही आलं, डोकं तापलं. या महाशयांचं पेडणं म्हणजे लाटांवरचं गाव आणि कोर्टाच्या खिडकीतून नारळ, होड्या, सूर्यास्त. आमच्या पेडण्याच्या बाजारातून समुद्र बघायचा तर बस धरावी लागते. न्यायाधीश उठसूट लाकडी हातोडा आपटतो, जसा काही सुताराकडे कामाला आहे. हेही मी गिळलं असतं. पण गोष्ट काय, तर नायिकेचा नवरा मरताना सगळं घरदार भावाच्या नावावर करून जातो. ती कोर्टात लढते, हरते, नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडते आणि देवळाच्या पायरीवर जीव सोडते.

गोव्यात? अहो, आमच्याकडे लग्नाची सही कचेरीत झाली की नवऱ्याच्या मालकीतलं अर्धं बायकोचं. आधी वेगळा करार केला असेल तरच गोष्ट निराळी, आणि तो करतो कोण? नवऱ्याने मृत्युपत्रात काहीही खरडलं तरी तिच्या अर्ध्याला हात लावता येत नाही. माझ्या नवऱ्याने काजूच्या बागेचा एक कोपरा विकला तेव्हा माझ्या अंगात ताप होता. तरी मला शाल गुंडाळून मोटरसायकलवर मागे बसवून कचेरीत नेलं, कारण माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. बायकोला मागे बसवून कचेरीच्या दारात उतरवणारे पुरुष पेडण्यात रोज दिसतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि या माणसाने इथल्या एका बाईला विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. किळस येते ती याची. पुस्तक रद्दीत टाकलं आणि हात धुतले.

पुढच्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. "भावजींनी हक्क सोडल्याचो कागद केलो हा. उद्या सकाळी डिचोलेक जावन सही करूची आसा." भावजी म्हणजे तिचा दीर.

"मी येईपर्यंत पेनाला हात लावू नको. नवऱ्याच्या वाट्यातलं अर्धं तुझं आहे. लग्नाच्या दिवसापासून तुझं आहे," मी ओरडूनच सांगितलं. ती हूं हूं करत राहिली. लग्नाची सही सोडली तर तिला कधी कुठल्या कचेरीत सहीला जावं लागलं नव्हतं, त्यांच्याकडे विकायला होतं काय? सकाळी पहिल्या बसने म्हापसा, तिथून डिचोली, तिथून मुळगाव. पोचले तेव्हा ती अंगणात बाहेरच्या साडीतच उभी होती. ती आणि दीर डिचोलीहून नुकतीच परतली होती. कचेरीत सहीबरोबर अंगठाही उठवून घेतात, तिच्या अंगठ्याला शाई होती.

"मी काल काय बोंबलत होते?" मी म्हटलं.

"तू खरा बोलतस गे. पण इतक्या मोठ्या लेखकान लिवल्यान ता खोटा कसा असात? त्या बाईन भांडण केल्यान नि काय झाला तिचा? भावजी मागची खोली देतत म्हणतत. माका पायरेर मराचा नाय."

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आता हे फिरवायचं तर वकील हवा, आणि दिराने फसवलं असं तिने कोर्टात उभं राहून सांगायला हवं. ते ती जन्मात सांगणार नाही. त्या नायिकेसारखी हरायलासुद्धा ती कोर्टात जाणार नाही. दीर आतून चहा घेऊन आला, माझ्याही हातात कप दिला, प्रवासाची चौकशी केली. त्या घरात मी कधी वर्तमानपत्रसुद्धा पाहिलं नाही. चहा प्यायला मन होईना, मी तो पायरीवर तसाच ठेवला.

तो आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "ते पुस्तक तुला कुणी आणून दिलं?"

"भावजींनी हाडलेला. मुद्दाम म्हापशाक जावन." ती पदराने अंगठ्याची शाई पुसत होती. "माझ्यासाठी आजपर्यंत कोणी पुस्तक हाडल्यान नाय हुता, ताई."