भिंतीलगतची निमुळती रांग

आमच्या स्वयंपाकघराची फरशी बसवणाऱ्यांना सगळे गुण्याभाऊ म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी अवजार. ते त्यांच्या पिशवीत कायम असतं.

"भिंतीवर भरवसा ठेवू नका, वहिनी," टेप लावता लावता ते मला म्हणाले होते. "या टोकाला मोजायचं, त्या टोकालाही मोजायचं. दोन्हीकडे अंतर सारखं भरलं, तरच भिंती समांतर. नाहीतर दिसायला कितीही सरळ असोत, पुढे कुठेतरी एकमेकींवर आपटणारच."

तीस वर्षं लोकांच्या खोल्या अशा मोजणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र परवापर्यंत साधा सिमेंटचा कोबा होता. वडिलांची एकच मोठी खोली, मध्ये भिंत घालून दोघा भावांनी निम्मी-निम्मी वाटून घेतलेली. भिंत घातली थोरल्याने, तो गवंडी. नेमकं त्याच आठवड्यात गुण्याभाऊंच्या बायकोचं ऑपरेशन होतं. "तू दवाखाना बघ, भिंतीचं मी बघतो," दादा म्हणाला होता. हे गुण्याभाऊ सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

यंदा मुलीने हट्ट धरला, फरशी आली. दाराशी टेप लावली, दहा फूट. दोन बाय दोनच्या पाच रांगा, कापाकापी नाही. खिडकीकडचं टोक त्यांनी मोजलंच नाही. दादाची भिंत, ती काय मोजायची!

बाहेरच्या भिंतीपासून चार रांगा झकास बसल्या. पाचवीतली पहिलीच फरशी आतल्या कोपऱ्याला अडली. खिडकीशी पोचेपर्यंत वीतभर जागा गायब.

"बाबा, म्हणजे या दोन भिंती पुढे भेटणार," नववीतली मुलगी म्हणाली.

"भेटतील की. पार रस्त्यापलीकडे."

"चुकलं असेल हो दादांचं," बायकोने समजूत घातली. "तिथे कपाट लावू. कुणाला दिसतंय?"

"ओळंबा खिशात घेऊन झोपणारा माणूस तो. चुकतो, आणि तेही बरोब्बर माझ्याच बाजूला?"

रविवारी दादा फरशी बघायला आला. इकडून तिकडे फिरला. "फक्कड! पण ही कडेची रांग अशी निमुळती का कापलीस रे? हात थरथरायला लागला की काय?"

गुण्याभाऊंनी टेपचं टोक त्याच्यापुढे धरलं. "हे खिडकीशी तुझ्या भिंतीला लाव, दादा. मी समोरून वाचतो."

दादाने ते हातात घेतलंच नाही. ओट्याकडे वळून म्हणाला, "चहा नाही का आज?"

भाऊंनी बोट सैल केलं. टेप सर्रकन डबीत गेली.

कपाट अजून समोरच्याच भिंतीला आहे, निमुळती रांग उघडीच.