बॉनेटखालचा डाग

बेलापुरात आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा गाडी घेऊन आला, की नाना आधी पाहुण्याला नमस्कार करत नसत. ते थेट गाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "उघडता का जरा?" नवखा माणूस गोंधळून बॉनेट उघडायचा. नाना हात पाठीमागे बांधून आत वाकत, थोडा वेळ न्याहाळत, जिभेनं एक बारीकसं 'च्च' करत आणि मग कुठे पाहुण्याकडे वळून प्रवास बरा झाला का, असं विचारत. शेजारच्या मुलीला पाहायला आलेल्या एका स्थळाबद्दल त्यांनी दिलेला शेरा गल्लीत अजून सांगतात: "पोरगा देखना हाय, नोकरी बी हाय, पर इंजिनावर बोटभर मळ हाय. पुढचं तुमी बगा." लोक त्यांना तोंडावर नाना म्हणत आणि पाठ वळली की बॉनेटनाना. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरंच जास्त आवडायचं.

मी जनावरांची डॉक्टर. मूळची नगरची. बेलापूरच्या दवाखान्यात पहिली नेमणूक मिळाली, तेव्हा नानांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली. एकट्या मुलीला खोली द्यावी की नाही, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली म्हणे. नानांनी मला एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, तुमी गाईच्या पोटात कोपराच्या वर हात घालता का?" घालते, म्हटलं. तेव्हा ते माईंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाले, "मंग आपल्यातल्याच हायेत." भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं.

नाना साखर कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांना नट-बोल्ट काढून दिले, स्वतःच्या मालकीचं यंत्र म्हणजे घरातली पिठाची गिरणी तेवढी. रिटायर होताना एका साहेबांची जुनी निळी पद्मिनी त्यांनी विकत घेतली आणि त्यांच्या आयुष्याला अर्थ आला. बाहेरून ती गाडी बघवत नसे. दाराला पोचा, मागच्या बाजूला गंजाची नक्षी, टपावर शेजारच्या कोंबड्यांची बैठक. नानांना त्याचं काही नव्हतं. बॉनेट उचललं की मात्र आत आरसा. मी एकदा न राहवून विचारलं, की बाहेरूनही थोडा रंग मारला तर? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाहेरनं लोक बगत्यात, डॉक्टर. आतनं गाडी सोताला बगती."

साफसफाईचा वार रविवार. आधी इंजिनावर तळहात ठेवून ते ताप बघत. गार असल्याखेरीज पाण्याचा थेंब नाही. मग बॅटरीची वायर सोडायची. मग ज्या भागांत पाणी जाऊ नये, त्यांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या घालून वर रबर लावायचं. त्या पिशव्या घातलेलं इंजिन बाळंतिणीसारखं कानटोपी घालून बसलेलं दिसे. मग रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश, मग साबणाचं पाणी, मग ओलं फडकं, मग कोरडं फडकं, आणि शेवटी सायकलच्या पंपानं सांदीकोपऱ्यात हवा. हे सगळं चालू असताना कुणी हाक मारली तर नाना ओ देत नसत. आंघोळीला बसलेल्या माणसाला हाक मारू नये, असं त्यांचं म्हणणं. आंघोळ इंजिनाची होती, पण नियम तोच.

घरातली कुठलीही वस्तू बॉनेटखाली जाण्यापासून सुरक्षित नव्हती. रेडिएटरच्या पितळेला माईंची चिंच लागे. त्या दिवशी आमटीला कोकम पडायचं. माईंच्या कुंकवाच्या करंड्यातला छोटा कुंचला एकदा कार्बोरेटरच्या स्क्रूपाशी सापडला. माझ्या दवाखान्यातून सिरिंज, हातमोजे आणि रबरी पाइपांना चोळायला ग्लिसरीन जायचं. मी म्हणायचे, नाना, हे सरकारी आहे. ते म्हणायचे, "जनावराच्याच कामाला लागतंय न्हवं." आणि मी द्यायचे, कारण बदल्यात रविवारी माईंच्या हातचं धपाटं मिळायचं. लाच खाल्ली नाही असं मी म्हणणार नाही.

माईंचं गाडीशी एक वेगळंच नातं होतं. गाडी दारात आली त्या दिवशी नानांनी त्यांना शब्द दिला होता, की पहिली चक्कर पुणतांब्याला, तुझ्या माहेरी. पुणतांबं काही विलायतेत नाही. सकाळी निघालं तर जेवायला पोचावं, इतकंच. पण दर वेळी निघायची गोष्ट निघाली, की नाना बॉनेट उघडत आणि म्हणत, "थोडं ऱ्हायलंय." कधी आतल्या भिंतीवर गंजाचा ठिपका दिसायचा, कधी पाइपाला चीर. गाडी रविवारी अंगणात जागच्या जागी धडधडायची, फार तर बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन धूळ नको म्हणून परत यायची. आणि माई दर भाऊबिजेला ओवाळणीचं ताट पिशवीत घालून एसटीनं माहेरी जायच्या. माहेरी वहिनी विचारायच्या, गाडी कुठाय? माई म्हणायच्या, आवरतीय अजून. हे मला माईंनीच सांगितलं, हसत हसत, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं.

दसऱ्याला सगळं गाव गाडीला बाहेरून हार घालतं. नाना बॉनेट उघडून झेंडूचा हार एअर फिल्टरला घालत, इंजिनाला हळद-कुंकू लावत, पेढा ठेवत आणि संध्याकाळी त्या हळदीचा कण राहू नये म्हणून ब्रश घेऊन बसत. माई त्यावर म्हणायच्या, "देवाला बी निर्माल्य काडाया दुसरा दिस लागतो. ह्यांच्या देवाला तेवढा बी दम न्हाई."

त्या वर्षीच्या दसऱ्यालाच माईंच्या थोरल्या भावाचा, दादांचा फोन आला. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांतलं बळ गेलं होतं. गोदावरीचा घाट घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तेवढंही चालवत नव्हतं, आणि मोटारसायकलवर मागे बसायला तोल राहत नव्हता. या भाऊबिजेला गाडी आण, मला एकदा घाटावर ने, एवढंच ते बहिणीला म्हणाले. माईंनी फोन ठेवला आणि नानांना निरोप सांगितला. नाना लगेच उठले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "दादांना न्यायचं म्हंजी मंग पुरतंच करू."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. गाय आजारी नसताना तिला ऑपरेशनला घेऊ नये, हे मी रोज शेतकऱ्यांना सांगते. पण नानांनी दिवाळीपर्यंत बॉनेटखालचं सगळं उघडलं. बॅटरी काढली, तिचा ट्रे काढला, वायरी सोडून दोरीला टांगल्या. आतल्या भिंती पॉलिश पेपरनं घासून गंज काढला, अस्तर मारलं, वर काळ्या रंगाचे हात दिले. इंजिनाच्या झाकणाला उष्णता सोसणारा रुपेरी रंग. बोल्टही सुटे रंगवून वर्तमानपत्रावर वाळत घातलेले. माईंच्या चकल्या एका बाजूला, नानांचे बोल्ट दुसऱ्या बाजूला. लक्ष्मीपूजनाला शेवटचा हात दिला आणि भाऊबिजेच्या पहाटे सगळं परत जोडलं. मला हाक मारून दाखवलं. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर काळं मी म्हशीच्या अंगावरसुद्धा पाहिलेलं नाही.

मीही बरोबर जाणार होते. माई जरीकाठाची साडी नेसून, मांडीवर ताट घेऊन पुढे बसल्या. मी मागे करंज्यांचा डबा सांभाळत. गल्ली दारात आलेली. नानांनी हात जोडले आणि चावी फिरवली. समोरचा दिवा मिणमिणला, 'टक' असा आवाज झाला, आणि काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा टक. गल्लीतल्या कुणीतरी धक्का मारू का विचारलं. नाना उतरले, बॉनेट उघडून आत पाहू लागले, आणि त्यांचा चेहरा पडला. मी खाली उतरून जवळ गेले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हिला मीच मारलं."

झालं होतं असं. बॅटरीतून एक जाड पट्टी निघते आणि गाडीच्या अंगाला बोल्टनं घट्ट बसते. गाडीभर फिरलेली वीज त्या वाटेनं बॅटरीत परत येते, आणि त्यासाठी तिथं उघडं लोखंड लागतं. नानांनी नेमकं ते लोखंड दोन हात रंगवलं होतं. बोल्ट रंगवला होता, वायसर रंगवला होता. वीज यायला सुईच्या टोकाएवढी जागा त्यांनी ठेवली नव्हती. ज्या माणसानं स्टोअरमध्ये बसून अर्थिंगच्या पट्ट्या पोत्यानं वाटल्या, त्यानंच हे केलं होतं.

उपाय सोपा होता. पट्टी सोडायची आणि रंग खरवडायचा. पण नाना हातात पाना घेऊन उभेच. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. असं घाईनं खरवडलं तर कडेचे पोपडे निघतील, आजूबाजूला कागद चिकटवून नीट केलं पाहिजे, रंग अजून ओलसर आहे, आठ दिवसांत झकास होईल, आज आपण एसटीनं जाऊ. ते बोलत होते आणि मी माईंकडे पाहत होते. माई ताट घेऊन गाडीतून उतरल्या आणि सरळ घरात गेल्या. मला वाटलं, संपलं; आता ही बाई या गाडीत जन्मात बसणार नाही. पण माई बाहेर आल्या त्या भाजीची सुरी घेऊन. ती त्यांनी नानांपुढे धरली. आवाज चढवला नाही.

"अहो, दादा दारात खुर्ची टाकून बसलाय. मला इथनं दिसतोय."

नानांनी सुरी घेतली. पट्टी सोडली. पहिला ओरखडा काढताना त्यांनी डोळे मिटले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग मात्र खसाखसा खरवडलं, आणि त्या आरशासारख्या काळ्या भिंतीवर वेडावाकडा, कडा फाटलेला, पांढुरका डाग उमटला. पट्टी आवळली. चावी फिरवली. गाडीनं एक खोकला काढला आणि ती अशी सुरू झाली की टपावरची कोंबडी ओरडत पळाली.

त्या दिवशीचा प्रवास मी विसरणार नाही, कारण तो संपतच नव्हता. उसाच्या बैलगाड्यांनी आम्हाला मागे टाकलं. नाना कान देऊन इंजिन ऐकत होते आणि माई खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येक फाट्याला ओळख असल्यासारख्या पाहत होत्या. पुणतांब्यात दादा खरोखरच दारात खुर्चीवर बसले होते, डोक्याला पांढरी टोपी, अंगात धुवट सदरा. माईंनी आधी ओवाळलं, वहिनींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पोचा पाहून काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मग दादांना उचलून पुढे बसवलं आणि घाटावर नेलं.

घाटावर दादा गाडीचं दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून नदीकडे बघत बसले. माई त्यांच्याशेजारी दगडावर. दोघं लहानपणचं काहीतरी बोलत होती, कोण कुठून उडी मारायचं वगैरे. नानांना ही शांतता सोसेना. त्यांनी बॉनेट उघडलं आणि दादांना आग्रह करकरून पुढे आणवलं. दादांनी माझ्या खांद्यावर भार देऊन आत पाहिलं. पाहुण्याचं मन राखायला म्हणाले, "पाव्हणं, समदं चकाचक हाय. ह्यो एवडाच डाग कशाचा?"

नानांनी माईंकडे बघितलं. "त्यो तिचा हाय," म्हणाले.

पुढची भाऊबीज दादांनी पाहिली नाही. मला अजून कधी कधी नानांचे ते 'आठ दिवस' आठवतात. पण घाट झाला होता. माई बाराव्याला गेल्या त्याही त्याच गाडीतून, आणि त्या वेळी नानांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. चावी घेतली आणि निघाले.

तो डाग नानांनी पुन्हा रंगवला नाही. गंज धरू नये म्हणून दर रविवारी ते माझ्याकडे बोटभर पेट्रोलियम जेली मागत आणि सगळी साफसफाई झाल्यावर शेवटी ती तिथं लावत. मी चिडवायचे, नाना, एवढं खुपतंय तर कडा तरी सरळ करा. ते म्हणायचे, "सरळ केल्या तर डाग माजा हुईल." माझी कर्जतला बदली झाली आणि मी एक जुनी गाडी घेतली, तेव्हा त्यांनी मला निरोपाचा म्हणून नवाकोरा दातांचा ब्रश दिला. "तुमच्या गाडीचं बॉनेट उघडून बगितलंय मी," एवढंच म्हणाले. मी ओशाळले, आणि कर्जतला पोचल्यावर पहिल्या रविवारी बाहेर बादली घेऊन बसले. अजून बसते.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी बेलापूरला गेले. गाडी अंगणातच होती. दादांचा मुलगा आला होता. आत्याला दवाखान्यात, माहेरी न्यायला आता तोच गाडी चालवतो. चांगला, कामसू मुलगा. बॉनेट उघडून तो आतलं सगळं कौतुकानं पाहत होता, आणि कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "आत्या, नानांचा रंग शिल्लक हाय. ह्यो एवडा डाग बुजवून टाकतो. नानांना बरं वाटंल."

माई ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठून गाडीपाशी आल्या आणि आत वाकल्या, अगदी नानांसारखे हात पाठीमागे बांधून.

"त्यो डाग न्हाई, बाळा," त्या म्हणाल्या. "त्यो हाय म्हनून गाडी पुनतांब्याला जाती."

मग त्यांनी माझ्यापुढे तर्जनी धरली. मी पिशवीतून जेलीची डबी काढून दिली.